नगरचा बादशहा आणि नांदेडचे गुरू

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, म्हटले की निजामशाही, चांदबिबी आणि भुईकोट किल्ला एवढेच बहुधा आपणांस आठवते. शीख धर्माच्या इतिहासातही ह्या नगरास स्थान आहे, ह्याची जाणीव फार थोड्यांस असते.

मराठ्यांशी पाव शतक झुंजून थकलेला औरंगजेब १७०६ साली नगरास परतला आणि ३ मार्च १७०७ रोजी तेथेच वारला. ह्या अखेरच्या मुक्कामी, शीख परंपरा सांगते, भाई दयासिंग व भाई धरमसिंग हे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे ‘जफरनामा’ नावाचे फारसी पद्यपत्र घेऊन आले. गुरूंचे दोन पुत्र चमकौरच्या रणात पडले होते. दोन अल्पवयीन पुत्र सरहिंद येथे मारले गेले होते. तरीही पत्रात याचना नव्हती. वाहिलेल्या शपथा मोडल्याबद्दल जाब होता.

हे दोन दूत कोण, हे पाहिले म्हणजे त्या धर्माचे मर्म ध्यानी येते. १६९९ च्या वैशाखीस आनंदपूर येथे गुरूंनी भरसभेत शिर देण्यास सिद्ध असलेला शिष्य मागितला. एकामागून एक पाच जण पुढे आले. लाहोरचा खत्री दयाराम, हस्तिनापुरचा जाट धरमदास, जगन्नाथपुरीचा पाणक्या हिम्मत, द्वारकेचा छिपी मोहकमचंद आणि आपल्या शेजारच्या बिदरचा न्हावी साहिबचंद. ह्या ‘पंच प्याऱ्यां’स गुरूंनी एकाच पात्रातून अमृत देऊन खालसा पंथ स्थापिला आणि मग हात जोडून त्यांच्याच हातून स्वतः अमृत घेतले. गुरू शिष्यांचा शिष्य झाला! त्या पाचांपैकी पहिले दोघे नगरास आले होते.

खालशाची केश, कंगवा, कडे, कच्छ व किरपाण ही पाच चिन्हे सर्वांस दिसतात; परंतु त्यांच्या मुळाशी गुरू नानकांची (१४६९–१५३९) शिकवण आहे. परमेश्वर एक व निराकार. त्याचे नाम घ्यावे, कष्टाची भाकरी खावी आणि ती वाटून खावी. गुरूच्या लंगरात राव-रंक, ब्राह्मण-अंत्यज एकाच पंगतीत बसतात. वाळवंटातील काल्याची ज्यांस ओळख आहे, त्या वारकऱ्यांस हे परके वाटणार नाही. भेद इतकाच की, आपल्याकडे काला संपला की बहुतेक जण आपापल्या जातीच्या पंगतीस परतत. लंगर मात्र नित्याचा झाला.

आता वारशाचा प्रश्न पाहू. बादशहाचे पुत्र हयात होते. धाकट्या आजमने नगरास स्वतःस बादशहा म्हणविले आणि तीनच महिन्यांत, जून १७०७ मध्ये, जाजऊच्या लढाईत थोरल्या भावाच्या सैन्याशी लढताना तो मारला गेला. गुरूंचा एकही पुत्र उरला नव्हता. ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेड येथे गोदातीरी देह ठेवण्यापूर्वी त्यांनी, शीखांच्या श्रद्धेप्रमाणे, देहधारी गुरूंची परंपरा संपवून ग्रंथासच गुरुपदी बसविले. म्हणूनच गुरुद्वारात मूर्ती नसते. छत्राखाली ग्रंथ विराजतो आणि त्यावर चवरी ढाळली जाते.

पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली सिद्ध केलेल्या ह्या ग्रंथात कबीर, रविदास व शेख फरीद यांच्यासमवेत आमच्या नामदेवांचीही ६१ पदे आहेत. ज्यांना आपण ज्ञानदेवांचे सखे म्हणून जाणतो, त्यांची वाणी पंजाबात गुरुवाणी म्हणून पूजिली जाते, आणि तिला ते पद लाभले ते मराठी भूमीवर. पंथाच्या पाच तख्तांपैकी एक, हजूर साहिब, नांदेडासच आहे. ते पाहण्यास जाणाऱ्या वाचकांनी लंगरातही बसावे; पंथाची खरी ओळख तेथेच पटेल.