संक्षेपांची परिभाषा : बंगळूरच्या पेठेपासून संगणकीय शब्दसंचयापर्यंत

बंगळूरची जुनी पेठ केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसवली. दोड्डपेट आणि चिकपेट हे तिचे दोन प्रमुख रस्ते. कन्नडात 'दोड्ड' म्हणजे मोठे, 'चिक्क' म्हणजे लहान; 'पेटे' आणि मराठीतील 'पेठ' हा मुळात एकच शब्द. १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने हे ठाणे जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचा वाडा चिकपेटेत होता, असे परंपरा सांगते. १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयर यांच्याकडे जाईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धशतक, येथील कारभार भोसले घराण्याकडे होता. वरिष्ठ सत्तेची भाषा फार्सी, रयतेची कन्नड, पंडितांची संस्कृत आणि दप्तरातील कारकुनांची मराठी अशी चार भाषांची वस्ती या काळात एकत्र नांदत होती. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू' या ग्रंथात शहाजीराजांच्या दरबारातील बहुभाषिक कवींचे जे वर्णन आढळते, त्यास हीच पार्श्वभूमी आहे.

परिभाषेच्या इतिहासात या पार्श्वभूमीस विशेष महत्त्व आहे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील कारभारात नारो त्रिमळ हणमंते हे प्रमुख होते. त्यांचे पुत्र रघुनाथपंत पुढे शिवाजी महाराजांकडे आले आणि 'राज्यव्यवहारकोश' त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. दप्तरात रूढ झालेल्या सुमारे चौदाशे शब्दांना, ज्यांत फार्सी शब्दांचा भरणा मोठा, संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश वर्णानुक्रमाने लावलेला नाही. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत त्याची मांडणी आहे. कोणता शब्द कोणत्या अक्षराने सुरू होतो यापेक्षा तो कारभाराच्या कोणत्या अंगाशी संबद्ध आहे, हा प्रश्न कोशकाराने आधी विचारला. ही रचना अमरकोशाच्या परंपरेतील असली, तरी भाषांतरकाराच्या दृष्टीने ती आजही विचारणीय आहे.

मात्र पद्यबद्ध कोशात पूर्ण शब्दच बसतो. दप्तरातील लेखणी पूर्ण शब्द क्वचितच लिहिते. मौजे या शब्दासाठी 'मौ॥', परगण्यासाठी 'प॥', मुक्कामासाठी 'मु॥', राजश्रीसाठी 'रा॥', चिरंजीवासाठी 'चि॥', चांद्रतिथीसाठी नुसता 'छ' असे शेकडो संक्षेप मोडी कागदांत आढळतात. कोशाने फार्सी शब्दाला संस्कृत पर्याय दिला, तरी कारकुनाच्या हाताला वळण लागलेले संक्षेप बदलले नाहीत. पेशवाईच्या अखेरपर्यंत पत्रांवर हिजरी महिन्याची तिथी 'छ' याच खुणेने आणि सुहूर सन 'सु॥' याच खुणेने पडत राहिले. शब्द राजाज्ञेने बदलता येतो, संक्षेप सहसा बदलत नाही. कारण तो अर्थापेक्षा सवयीने टिकतो.

या सवयीतच वाचकाची अडचण दडलेली आहे. मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद बहुधा पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिण्याचीही पद्धत नाही. त्यातच संक्षेप दाखवण्यासाठी अक्षरापुढे ओढलेल्या दोन उभ्या रेघा, ज्या छपाईत '॥' अशा उतरल्या, हिशेबात 'अर्धा' या अर्थाने येतात. 'प॥' म्हणजे परगणा. परंतु '८॥' म्हणजे साडेआठ. खूण एकच, अर्थ दोन. आधी अक्षर आहे की अंक, यावरूनच निर्णय करावा लागतो. म्हणजे संक्षेपाचा अर्थ त्याच्या शेजारात असतो, आणि शेजार नोंदवला नाही तर कोशातील नोंद निरुपयोगी ठरते.

कालगणनेत हा घोटाळा अधिक महाग पडतो. दख्खनच्या कागदांत सुहूर आणि फसली अशा दोन गणना वावरतात व त्यांच्यात नऊ वर्षांचे अंतर आहे. पानिपतच्या लढाईचे वर्ष सुहूर गणनेत ११६१, तर फसलीत ११७०. ज्या कागदावर नुसते 'स॥ ११७०' असेल, तो फसली मानल्यास १७६०-६१ चा ठरतो. सुहूर मानल्यास १७६९-७० चा, म्हणजे थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धातला. वतनाच्या किंवा इनामाच्या वादात कोणता कागद आधीचा यावरच हक्क ठरत असल्याने, 'स॥' याचा विस्तार 'सन' एवढाच देणारी नोंद बरोबर असूनही अपुरी आहे.

छपाईच्या काळात '॥' जाऊन पूर्णविराम आला, संदिग्धता मात्र राहिली. 'ता.' म्हणजे तारीख आणि तालुका. 'रा.' म्हणजे राजश्री आणि राहणार. 'गं. भा.' या संक्षेपाचा शब्दशः विस्तार 'गंगाभागीरथी' असा होतो. त्याचा व्यवहारातील अर्थ विधवा स्त्रीची आदरवाचक उपाधी असा आहे. वारसाहक्काच्या जुन्या कागदाचे कन्नड, तमिळ किंवा इंग्रजी भाषांतर करताना ही उपाधी नावाचाच भाग समजली गेली, तर वारस कोण, तिचे मृत पतीशी नाते काय, हा मूळ मुद्दाच पुसला जातो. हा प्रश्न काल्पनिक नाही. तंजावरच्या मराठी राज्याचे मोडी कागद तमिळ विद्यापीठाने १९८९ मध्ये तमिळ भाषांतरासह प्रसिद्ध केले. सीमाभागातील जमिनींचे मोडी कागद वाचणाऱ्यांनाही अशा उपाध्या पदोपदी भेटतात.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले आणि शासकीय परिभाषेचे कोश सिद्ध होऊ लागले. त्याच दशकांत संक्षेपांची नवी पिढी जन्मास आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ या एकाच संस्थेसाठी मराठी आद्याक्षरे घेऊन 'म.औ.वि.म.' आणि इंग्रजी आद्याक्षरांचे उच्चार घेऊन 'एमआयडीसी' अशी दोन रूपे संभवतात. 'सिडको' आणि 'म्हाडा' ही रूपे याहून वेगळी. ती अक्षरे सुटी न उच्चारता शब्द म्हणून वाचली जातात, 'सिडकोने', 'म्हाडाचे' अशी विभक्तीही सहज घेतात. 'महावितरण' हे तर आद्याक्षरांचे नव्हे, शब्दांच्या तुकड्यांचे रूप आहे. हे सर्व प्रकार 'संक्षेप' या एकाच शीर्षकाखाली टाकणारी यादी भाषांतरकाराला उच्चार, लेखन व विभक्ती यांबाबत काहीच सांगत नाही.

येथे ऑस्ट्रियातील परिभाषाशास्त्रज्ञ ऑयगेन व्युस्टर (१८९८–१९७७) यांचा विचार उपयोगी पडतो. शब्दापासून अर्थाकडे न जाता संकल्पनेपासून तिच्या नावांकडे जावे, हे त्यांच्या पद्धतीचे सूत्र. युरोपीय संघाच्या अनेक भाषांचा शब्दसंचय याच तत्त्वावर उभा आहे. त्यानुसार संगणकीय शब्दसंचयात एका संकल्पनेची एकच नोंद असावी आणि पूर्णरूप व सर्व संक्षिप्तरूपे तिच्याच पोटी यावीत. 'ता.' हे रूप तारीख आणि तालुका या दोन्ही नोंदींत स्वतंत्रपणे यावे. शोधणाऱ्याला दोन्ही दिसाव्यात आणि निवड त्याने करावी. प्रत्येक संक्षेपासमोर त्याचा प्रकार, काळ, दप्तर किंवा कार्यालय, आणि आधी-नंतर येणारा शब्द एवढ्या गोष्टी तरी नोंदवणे अगत्याचे आहे. ज्या रूपाचा विस्तार निश्चित नाही, तेथे अंदाजाने शब्द न भरता ती जागा तशीच दाखवावी. चुकीचा विस्तार एकदा संचयात गेला की पुढील प्रत्येक भाषांतरात तो अधिकृत होऊन बसतो.

'राज्यव्यवहारकोशा'ची वर्गरचना आणि व्युस्टर यांची पद्धती यांत तीन शतकांचे अंतर आहे. त्यांचा ऐतिहासिक संबंध जोडण्याचे कारण नाही. तथापि अनेक भाषांच्या कारभारात शब्दाआधी व्यवहार पाहावा लागतो, ही जाणीव दोहोंच्या मुळाशी आहे. मोडी संक्षेपांची अशी पद्धतशीर व्यवस्था झाली, तर तंजावरपासून बेळगावपर्यंतच्या दप्तरांना एकाच किल्लीने हात घालता येईल. हे काम मोडी जाणणारे हात उपलब्ध असेतोवर होणे आवश्यक आहे. कारण संक्षेपाचा विस्तार कागदावर लिहिलेला नसतो, तो वाचणाऱ्याच्या स्मरणात असतो.