दिल्लीतला संताप आणि सरहद्दीवरची चौकी

स्मरणिकेसाठी मी इतिहासावर लिहावे असा अध्यक्षबाईंचा आग्रह. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण १९६२ च्या चिनी आक्रमणाची गोष्ट आमच्या घरात फार वेळा निघे. आजेसासूबाईंनी संरक्षण निधीला हातातली पाटली दिली होती. त्या विचारीत, "सोने दिले, स्वेटर विणले, पण जवानांकडे आधीच लोकरीचे कपडे का नव्हते गं?" उत्तर शोधता शोधता मी सरहद्दीपेक्षा दिल्लीतच अधिक रमले.

१९५४ साली चीनशी पंचशील करार झाला. पण १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आश्रयाला आले, लोंगजू आणि कोंगका येथे चकमकी होऊन आपली माणसे मारली गेली, आणि चीनने अक्साई चीनमधून रस्ता काढल्याचे पंडित नेहरूंना संसदेत सांगावे लागले. लोक खवळले. इतके दिवस आमच्यापासून का लपवले, हा सवाल रास्तच होता. एप्रिल १९६० मध्ये चौ एन-लाय दिल्लीला आले, तेव्हा देवघेवीचे बोलणे करणे नेहरूंना सोपे राहिले नव्हते. शिवाय महिन्याभरापूर्वीच बेरुबारी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते, की देशाची जमीन दुसऱ्याला द्यायची तर घटनादुरुस्ती हवी.

मग नोव्हेंबर १९६१ मध्ये पुढे सरकून चौक्या उभारायचे ठरले. संसदेत 'पुढे का जात नाही' असे विचारणारे पुष्कळ, 'पांघरायला काय धाडले' असे विचारणारे थोडे. पंगत बसवली आणि पिठाचा डबा कोणी उघडून पाहिला नाही, तशातली गत! रस्ते नाहीत, दाणागोटा विमानातून टाकायचा. नामका चू नदीकाठी आपले जवान सुती कपड्यांत उभे होते. १२ ऑक्टोबर १९६२ रोजी नेहरूंनी वार्ताहरांना सांगितले, की चिन्यांना हटवण्याचा हुकूम दिला आहे. २० तारखेला चीनने हल्ला केला.

तोच संताप मग संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर उलटला. त्याच वर्षी उत्तर मुंबईत आचार्य कृपलानींना हरवून ते मोठ्या मतांनी निवडून आले होते. नोव्हेंबरात स्वपक्षाच्याच खासदारांनी त्यांना जायला लावले. त्यांच्या जागी आपल्या महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण गेले. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली.

पुढे १९६४ मध्ये पाच वर्षांची संरक्षण योजना आली. सव्वाआठ लाखांची फौज आणि तीत डोंगरी लढाईच्या दहा डिव्हिजन उभ्या करायचे ठरले. त्याआधी, सप्टेंबर १९६३ मध्ये, यशवंतरावांनी संसदेत चौकशीचा निष्कर्ष सांगितला होता: सामग्री तोकडी होती, आणि होती तीही पुष्कळदा वेळेवर वर पोचवता आली नाही. आजेसासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच दिले गेले होते. आमच्या घरापर्यंत मात्र ते आले नाही.