सरगुंड्यांची सोयरीक

इटली आणि बाभुळगाव यांचा संबंध काय, असे गेल्या मे महिन्यापर्यंत कोणी विचारले असते तर 'काही नाही' असे मी छातीठोकपणे सांगितले असते. आमच्या गावाहून यवतमाळला जाता येते, उलट दिशेने धामणगावला जाऊन रेल्वे गाठता येते, इटलीची एस.टी. मी कधी स्टँडवर लागलेली पाहिलेली नाही. पण चिरंजीव 82 टक्के मिळवून दहावी पास झाले आणि ही सोयरीक जुळवण्याचे काम माझ्या खिशावर येऊन पडले.

"पेढे-बिढे नको बाबा. नागपूरला इटालियन हॉटेलात जायचं."

मी स्वतः 1996 साली दहावी झालो. त्याच साली दिल्लीत डॉमिनोजचे आणि बंगलोरात पिझ्झा हटचे भारतातले पहिले दुकान उघडले, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळले. ती बातमी त्या वेळी बाभुळगावात पोचली नव्हती, आणि पोचली असती तरी आमच्या वडिलांनी ती माझ्यापर्यंत येऊ दिली नसती. मला बक्षीस म्हणून एक एचएमटीचे घड्याळ मिळाले आणि आईने सरगुंडे केले.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे थांबतो. घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक दोरी वळायची, ती एका गुळगुळीत काडीभोवती वेढे देत गुंडाळायची, हलक्या हाताने फिरवून सांधे बुजवायचे आणि काडी अलगद ओढून घ्यायची. हातात उरते ती पोकळ नळी, म्हणजे सरगुंडा. आमच्याकडे हे उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवत आणि पाहुणा आला की शिजवून आमरसात सोडत. रस नळीच्या आत शिरून बसतो आणि दाताखाली अवचित बाहेर येतो. हे सुख शब्दांत सांगण्यासारखे नाही. सांगता आले असते तर मी बँकेत कशाला राहिलो असतो!

तर आम्ही नागपूरला गेलो. नागपूर हे हल्ली दर खेपेला निराळेच दिसते. 2019 साली मेट्रो सुरू झाल्यापासून माझा मेव्हणा रस्त्याच्या खुणा सांगताना झाडे आणि देवळे सोडून खांबांचे नंबर सांगतो. अशाच एका खांबासमोरच्या चकचकीत साखळी हॉटेलात आम्ही सहा जण शिरलो: मी, सौ., चिरंजीव, मेव्हणा, हॉटेल मॅनेजमेंट शिकणारा त्याचा मुलगा, आणि 'मी घरी वरणभात खाईन' म्हणत असताना बळेच आणलेली माझी आई.

मेनूकार्ड आमच्या शाखेच्या लेजरएवढे होते. फरक इतकाच की लेजरमधले मला कळते. मी उजवीकडचे आकडे वाचत होतो, चिरंजीव डावीकडची नावे. पहिली पिझ्झाची थाळी आली. तीवर हिरवी पाने पाहून आईने हात मागे घेतला. "तुळस? नैवेद्य दाखवला काय याचा?" भाचा म्हणाला, "आजी, ती बेसिल आहे." पुढे मी शोध घेतला तेव्हा कळले की बेसिल म्हणजे आपल्या तुळशीच्या कुळातलाच सब्जा, ज्याचे बी आपण फालुद्यात घालतो. म्हणजे आई अगदीच चुकली नव्हती. चुलत बहिणीला बहीण समजली एवढेच.

मग पास्ता आला. आईने एक नळी काट्याने उचलायचा प्रयत्न केला, नंतर सरळ बोटांनी उचलली, डोळ्यांजवळ नेऊन आरपार पाहिली.

"बापा, हे त सरगुंडे व्हय! याचा रस कोठी हाय?"

शेजारच्या टेबलावरची माणसे वळली. सौ. पाण्याचा ग्लास पाहू लागली. मी मात्र खालमानेने नळ्या मोजत होतो, सवयच आहे. भरल्या 31. किंमत 389 रुपये. नळीमागे साडेबारा रुपये आणि वर काही पैसे. त्याशिवाय अडीच टक्के केंद्राचे आणि अडीच टक्के राज्याचे. सरगुंड्यावर एकाच वेळी दिल्ली आणि मुंबई या दोन्ही राजधान्यांची नजर असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

"आजी, पास्ता मूळचा चीनचा," भाचा म्हणाला. "मार्को पोलोनं तिकडून इटलीत आणला."

आता, कॉमर्सच्या माणसाला इतिहास कळत नसला तरी तारखा कळतात. घरी आल्यावर मी वाचायला बसलो आणि दुसऱ्याच दिवशी ही नोंद खोटी निघाली. मार्को पोलो चीनहून व्हेनिसला परतला 1295 साली. आणि जेनोआच्या एका नोटरीने पोंझिओ बास्तोने नावाच्या शिपायाच्या मालमत्तेची यादी केली 1279 साली, तीत एक टोपलीभर मॅकरोनी लिहिलेली आहे. माल येण्याआधी सोळा वर्षे स्टॉकात जमा! आमच्याकडे असे व्हाउचर निघाले तर इन्स्पेक्शनवाले क्लार्कला घरी बसवतात. त्या नोटरीबद्दल मात्र मला फार आदर वाटला. मेलेल्या शिपायाची शेवयांची टोपलीसुद्धा त्याने सोडली नाही.

त्याहीआधी, 1154 साली, सिसिलीचा राजा रॉजर याच्या दरबारातला अल्-इद्रिसी हा अरब भूगोलकार लिहून गेला आहे की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात शेवयांसारखा 'इत्रिया' नावाचा पदार्थ खूप करतात आणि जहाजांत भरून दूरदूर पाठवतात. वाळवण टिकते, म्हणून ते बोटीवर चढते. आमच्या आजीने वाळवणाचा डबा बैलगाडीत घालून लेकीच्या सासरी पाठवावा, त्यातलाच हा प्रकार.

पण मी खुर्चीतून उठून उभा राहिलो तो पुढची गोष्ट वाचून. याच सिसिलीत, त्रापानीच्या बाजूला, 'बुसियाते' नावाचा पास्ता हाताने करतात. कसा? तर कणकेची दोरी वळून ती गवताच्या काडीभोवती वेढे देत गुंडाळायची आणि काडी ओढून घ्यायची. गहूही परका नाही. पास्ता होतो डुरम गव्हाचा, आणि शेवयांसाठी आपल्याकडे नावाजलेला जो बन्सी, तोही डुरमच. कोणी कोणाचे उचलले, असे मी म्हणत नाही. कडक गहू, कडक ऊन आणि घरात रिकामी न बसणारी बाई, या तीन गोष्टी एकत्र आल्या की कुठेही हेच व्हायचे.

टोमॅटोचे म्हणाल तर इद्रिसीने आणि त्या शिपायाने तो पाहिलाही नव्हता. तो सोळाव्या शतकात अमेरिकेतून इटलीत गेला, जशी तिकडचीच मिरची पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आली. त्यांचा सॉस आणि आमचा ठेचा, दोघेही कोलंबसाचे देणेकरी. नेपल्सच्या राफाएल एस्पोझितोने 1889 साली राणी मार्गेरितासाठी टोमॅटो, चीज आणि बेसिलचा तिरंगी पिझ्झा केला असे सांगतात. इतिहासकार त्यावर शंका घेतात. घेवोत बिचारे. मला खरा धक्का बसला तो पिझ्झा हटच्या जन्माने. 1958 साली अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी, कार्नी नावाच्या दोन भावांनी आईकडून 600 डॉलर उसने घेतले आणि दुकान काढले. जामीनदार नाही, तारण नाही, पासपोर्ट आकाराचे दोन फोटो नाहीत. कर्ज देणारी आई!

इथे मला आमच्या घरचे एक जुने खाते उघडावे लागते. लग्न झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात माझे एक साहेब जेवायला यायचे होते. आईने काड्या धुऊन ठेवल्या होत्या. मी तिला म्हणालो, "सरगुंडे नको. गावठी दिसतात." आणि बाजारातून श्रीखंडाचा डबा आणला. आई काही बोलली नाही. काड्यांची जुडी माळ्यावर गेली, ती गेलीच. पुढे कधी विषय निघाला की ती म्हणे, आता हात चालत नाहीत. मीही ते खरे मानून टाकले, सोयीचे होते.

हा सगळा इतिहास मी आईला वाचून दाखवला. सिसिली, इद्रिसी, शिपाई, टोपली. तिने शांतपणे ऐकून घेतला.

"मंग मी काय सांगत होतो तुले हाटेलात? तूच त म्हने, गावठी दिसते म्हून."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी स्टूल आणले आणि माळ्यावर चढलो. काड्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या आणि फडके मुळीच मळलेले नव्हते. म्हणजे मधल्या वर्षांत ते कोणीतरी बदलत होते.

रविवारी आईने पाट मांडला. हात चालत नाहीत म्हणणाऱ्या बाईने बघता बघता ताट भरले. सौ. शिकायला बसली, तिच्या नळ्या जरा लठ्ठ झाल्या. चिरंजीवांची पहिली नळी काडीलाच चिकटून बसली, दुसरी उकलून पुन्हा दोरी झाली, तिसरी मात्र जमली आणि तिचे तीन फोटो निघाले. वाळवायला कोणाला धीर नव्हता. ताज्याच वाफवल्या आणि रसात सोडल्या. मी मोजल्या नाहीत.

तेवढ्यात चिरंजीवांनी खिशातून ओरेगॅनोची पुडी काढली. हॉटेलातून निघताना आईनेच टेबलावरच्या आठ पुड्या पिशवीत टाकल्या होत्या, मी डोळे वटारले तेव्हा "पैसे देल्ले ना आपन?" म्हणाली होती. आता त्याने ती सरळ आमरसावर फोडली. मी ओरडणार, तोच आईने माझा हात धरला.

"टाकू दे त्याले. ओव्यावानीच त हाय."