शिवेची साक्ष आणि उपग्रहाचा डोळा

नकाशा तटस्थ असतो, ही समजूत प्रस्थापितांच्या सोयीची आहे. पूर्वी गावाच्या शिवेचा तंटा उभा राहिला की साक्ष महाराची काढत. शीव त्याच्या पायांना ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांची मोजणी आली. 33 फूट लांब व तितकाच रुंद तुकडा म्हणजे गुंठा ठरला. शिवेचे ज्ञान कागदात गेले आणि कागद दप्तरात. 1878 च्या वन कायद्याने सरकारला जंगल राखीव करण्याचा अधिकार दिला. रेघ ओढली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा आदिवासी ‘अतिक्रमणदार’ झाला.

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळच्या परिसरात वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी डोंगरउतारावर नागली-वरई पिकवतात. असा उतार काही वर्षे कसून पडीक ठेवण्याची रीत जुनी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून ताब्यात असलेल्या अशा जमिनीवर, 4 हेक्टरपर्यंत, आदिवासींचा हक्क मान्य केला. आता साखळीच्या जागी जीपीएस यंत्र आले, जुना ताबा तपासायला उपग्रहाची चित्रे आली.

परंतु यंत्र काय पाहते? भारतीय उपग्रहांवरील लिस-3 कॅमेऱ्याच्या चित्रातील एक ठिपका म्हणजे 23.5 मीटर लांब व तितकीच रुंद जमीन. वीस गुंठ्यांचे शेत चार ठिपक्यांतही भरत नाही. पडीक वर्षी त्यावर झुडपे दिसतात, आणि चित्र वाचणारा त्याला ‘जंगल’ म्हणतो. हातातल्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक सहज होते. अरुंद पट्टीच्या धन्याला ती चूक परवडत नाही.

म्हणून 2012 च्या सुधारित नियमांनी स्पष्ट केले, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांची जागा ते घेऊ शकत नाही. बांध, झोपडी, विहीर, स्मशान आणि दावेदाराखेरीज गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, हेही पुरावेच आहेत. ज्या साक्षीला दप्तराने बाजूला सारले, तिला कायद्याने पुन्हा जागा दिली आहे.

यंत्राशी आपले वैर नाही. तेच जीपीएस आज साध्या मोबाइलमध्ये आहे. मोजणीच्या वेळी शेतकऱ्याने स्वतः बांधावरून चालावे, नकाशाची प्रत मागावी, गावातल्या शिकलेल्या पोरीने ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. चित्र बोट दाखवून दावा फेटाळला, तर वडीलधाऱ्यांचा जबाब आणि 2012 चा नियम पुढे ठेवावा. नकाशा वाचता येणे हीसुद्धा आता साक्षरताच आहे. ती वाडीवर पोचली नाही, तर रेघ पुन्हा दुसराच ओढील.