चार हुतात्म्यांची गोष्ट : चौकापासून मोबाइलपर्यंत

सोलापुरात पत्ता सांगताना ‘चार पुतळ्यांपाशी या’ असे आपण सहज म्हणतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. गावाने त्यांना चौक दिला, ‘हुतात्मा स्मृती मंदिर’ हे नाट्यगृह दिले. पुण्याला जाणारी ‘हुतात्मा एक्सप्रेस’ही त्यांच्याच नावाची. पण नाव रोजच्या तोंडी बसले की त्याचा अर्थ झिजतो. गाडी पकडणारे रोज हजारो. हे हुतात्मे कोण, असे विचारणारा विरळा.

हल्ली ही गोष्ट मोबाइलवर आली आहे. गेली काही वर्षे मी जुन्या वर्तमानपत्रांबरोबर या चित्रफितीही पाहतो. बहुतेकांचा साचा एकच : तिरंगा, चढे संगीत, ‘चार दिवसांचे स्वातंत्र्य’, फाशी. तरुण पोरे आपल्या गावाची गोष्ट सांगू लागली, याचा मला आनंदच आहे. त्यात जे गळते, त्याची मात्र काळजी वाटते.

मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि गिरणगाव पेटला. कामगार गिरण्यांबाहेर पडले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात शंकर शिवदारे पडले. जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, पोलीस मारले गेले, न्यायालयालाही आग लागली. पुढचे काही दिवस सरकारचा अंमल उरला नव्हता. मग मार्शल लॉ आला. या चौघांवर पोलिसांच्या खुनाचा ठपका ठेवला गेला. चळवळीतल्या लोकांनी त्यांना अखेरपर्यंत निर्दोषच मानले. चित्रफितीत शिंदीची झाडे नसतात, गिरणी कामगार नसतात, जळालेली चौकीही नसते. अवघड भाग वगळला की हुतात्मे पूजेपुरते उरतात. त्यांच्यावर अन्याय नेमका काय झाला, हे कळेनासे होते.

मार्शल लॉमध्ये झेंडा लावणे आणि गांधी टोपी घालणे एवढ्यावरूनही लोकांना शिक्षा झाल्या. कापडाचा तुकडा काय बोलतो हे सरकारला नेमके कळले होते. निषेधाची कला म्हणून आज जिची चर्चा होते, ती या कापडाच्या गावाने तेव्हाच अंगावर घातली होती.

दुसरी गळती भाषेची. लिंगायत, मारवाडी, मुसलमान आणि मराठा अशी ही चौघांची नावे. घराघरांतून मराठीइतकीच कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणारे हे गाव. गोष्ट मात्र बहुधा एकाच भाषेत सांगितली जाते.

यावरचा उपाय आपल्याच जिल्ह्यात सापडला आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. मुलींची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेतली. त्यांनी कन्नड शिकून पुस्तकांचा अनुवाद केला, पानांवर क्यूआर कोड छापले आणि त्यामागे कविता, गोष्टी, धडे ठेवले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. यंत्रापेक्षा मोठी गोष्ट मला ही वाटते, की ऐकणाऱ्याची भाषा त्यांनी आधी शिकून घेतली.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर निवडले गेले. रस्ते आणि दिवे यांपलीकडे माझे मागणे लहान आहे. चार पुतळ्यांपाशी वाहनांच्या वर्दळीपासून सुरक्षित, सावलीत उभे राहता येईल एवढी जागा असावी. तिथे मोबाइल धरला की चार भाषांत ही हकीगत ऐकू यावी. शिंदीच्या झाडांसह, जळालेल्या चौकीसह, खटल्याच्या वादासह.

१९३० पाहिलेले डोळे मिटले. त्यांच्याकडून ऐकलेली नातवंडे आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्या घरी, त्यांच्या बोलीत, मोबाइल सुरू करून बसायला फार वर्षे उरलेली नाहीत.