निलंग्याचं अपील कुठं चालायचं?

मित्रांनो, पोस्ट लांब आहे, पण आपल्या तालुक्याची आहे. सवडीनं वाचा.

परवा लॉ कॉलेजच्या पोरांचं मूट कोर्ट बघायला गेलो होतो. मूट कोर्ट म्हणजे अभिरूप न्यायालय. त्यात आरोपी नाही, साक्षीदार नाही. खालचा निकाल लागलाय असं धरून वरच्या कोर्टात अपील चालवायचं. कोणती बाजू मांडायची ते चिठ्ठी टाकून ठरतं. त्या दिवशीचा विषय होता ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध नारायण शामराव पुराणिक’. सुप्रीम कोर्ट, 1982. वाद काय, तर औरंगाबादला हायकोर्ट बसवण्याचा अधिकार नेमका कुणाला?

निलंगा तालुक्यातल्याच एका पोरीला औरंगाबादच्या विरोधातली बाजू आली. खरं सांगतो, मला राग आला. आपल्याच पोरीनं हे बोलायचं?

राग का आला, ते सांगतो. निजामाच्या काळात आपला तालुका बिदर जिल्ह्यात होता. हायकोर्ट हैदराबादला, म्हणजे इथून दोनशे किलोमीटरच्या आसपास. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्य पुनर्रचना झाली. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बिदरमधून काढून उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि आपलं हायकोर्ट झालं मुंबई. मराठी मुलखाशी जोडलो गेलो याचा आनंद खराच होता, पण कोर्ट पाचशे किलोमीटरच्या पलीकडं गेलं. आमच्या चुलत आजोबांचं बांधाचं अपील मुंबईत होतं. वडील सांगायचे, दोन दिवस प्रवासात जायचे, लॉजचा खर्च वेगळा, आणि तिथं गेल्यावर कळायचं की आज बोर्डावर नंबरच लागला नाही. शेवटी त्यांनी जाणंच सोडलं. बांध गेला.

म्हणून मराठवाड्याची मागणी होती की औरंगाबादला खंडपीठ द्या. नागपूरला होतं, मग आम्हाला का नाही? 1978 मध्ये विधानसभेनं तसा ठरावही केला. पण कायम खंडपीठाचा आदेश राष्ट्रपतींनी काढायचा असतो, म्हणजे फाईल दिल्लीला. ती तिथंच राहिली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांनी दुसरा रस्ता धरला. राज्य पुनर्रचना कायदा 1956, कलम 51, पोटकलम 3. राज्यपालांच्या संमतीनं मुख्य न्यायमूर्ती ठरवतील त्या ठिकाणीही न्यायाधीश बसू शकतात, असं ते कलम सांगतं. 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादला काम सुरू झालं. आणि त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई हायकोर्टानंच तो आदेश रद्द केला. सरकार अपिलात दिल्लीला गेलं.

आता त्या पोरीचं ऐका. ती म्हणाली, “माय लॉर्ड, गरज मोठी आहे म्हणून अधिकार मोठा होत नाही.” तिचे मुद्दे दोन होते. एक, 1956 चं कलम त्या वेळच्या नव्या राज्यांसाठी होतं. 1960 ला महाराष्ट्र वेगळा कायदा करून झाला, त्यात नागपूरची तरतूद आहे, औरंगाबादची नाही. दोन, कायम खंडपीठ राष्ट्रपतींच्या हातात असताना तेच काम पोटकलम 3 मधून करणं म्हणजे मागच्या दारानं घरात शिरणं. उद्या एखादा मुख्य न्यायमूर्ती मनाला येईल तिथं कोर्ट नेऊन बसवेल, मग काय करणार?

मी गप्प झालो. कारण याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं फक्त आजोबांचा बांध होता.

उत्तर सुप्रीम कोर्टानं दिलं होतं, तेही कायद्यातूनच. 1960 च्या कायद्यानं 1956 चं कलम 51 संपलेलं नाही. पोटकलम 2 आणि 3 हे दोन स्वतंत्र अधिकार आहेत. पोटकलम 3 खाली न्यायाधीश दुसरीकडं बसले तरी हायकोर्ट एकच राहतं. अपील मंजूर झालं, औरंगाबाद वाचलं. त्याच 1982 साली आपला लातूर जिल्हाही झाला. 1984 मध्ये खंडपीठ कायम झालं. आणि याच पोटकलम 3 खाली ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं.

विचार करा, हा खटला फक्त “आमच्यावर अन्याय झालाय” एवढ्यावर लढला असता तर? अन्याय खरा होता, पण जिंकायला पोटकलम लागलं. आणि समोरच्याचा मुद्दा नीट समजल्याशिवाय ते पोटकलम मांडता येत नाही.

आज आपल्याकडं असाच एक प्रश्न पडून आहे. राज्यघटनेचं कलम 371(2). त्याखालच्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. घटना म्हणते, राष्ट्रपती राज्यपालांवर ही विशेष जबाबदारी सोपवू ‘शकतात’. मग मंडळ हा आपला हक्क आहे की सरकारची मर्जी? यावर आपण चौकात भाषणं ठोकतो, युक्तिवाद करत नाही.

निलंग्यातल्या प्राध्यापक आणि वकील मंडळींना विनंती आहे. या प्रश्नावर एक अभिरूप न्यायालय आपल्या गावात भरवा. मराठवाड्याच्या विरोधातली बाजू हुशार पोरांना द्या. बातमी मी करतो, खुर्च्यासुद्धा लावतो.

ती पोर निकालात हरली. बाहेर भेटली तेव्हा विचारलं, तुझं स्वतःचं मत काय गं? हसली आणि म्हणाली, “काका, आमचंबी एक अपील औरंगाबादलाच चालू हाय की.”