उंची आणि रांग

यात्रेला निघालेल्या मुलास गांवाची वेस दिसण्यापूर्वीं राहाटपाळण्याचा माथा दिसतो, आणि मग बैलगाडी असो वा मोटार, तिची चाल त्याला फार मंद वाटूं लागते. वर्धा जिल्ह्यांत गिरडची टेकडी, घोराडचें केजाजी महाराजांचें स्थान, अशा ठिकाणच्या यात्रांनीं ही हुरहुर पिढ्यानपिढ्या जोपासली आहे. पाळण्यापाशीं पोंचल्यावर मात्र मुलास दुसरा धडा मिळतो. पाळणे चार, आणि भोंवतीं उभीं असलेलीं मुलें चाळीस! उंची माणसाला ओढून आणते. पण आल्यावर त्याच्या पदरांत काय पडणार, हें रांगेवर अवलंबून असतें.

पाळण्याची जागा आतां मोठ्या उद्यानांतून रोलर कोस्टर नांवाच्या घसरगाडीनें घेतली आहे. 2013 सालीं खोपोलीजवळ ‘इमॅजिका’ हें मनोरंजन-उद्यान उघडलें. तेथील ‘नायट्रो’ या गाडीची उंची सुमारें 40 मीटर, आणि वेग तासाला सुमारें 105 किलोमीटर. वाटेंत पांच वेळां माणूस उलटा होतो, आणि बसणाऱ्याच्या पायांखालीं तळ नसतो. अशा आंकड्यांनींच नव्या गाडीची कीर्ति गांवोगांव पसरते. परंतु वर्ध्याहून निघालेल्या कुटुंबाला तेथें पोंचण्यासाठीं बहुतेक सारा महाराष्ट्र ओलांडावा लागतो. तिकीट एका दिवसाचें. तो दिवस मुलांनीं महिनोन्महिने बोटांवर मोजलेला. त्या दिवशीं पाळी येणार कीं नाहीं, याचें उत्तर उंचीच्या आंकड्यांत सांपडत नाहीं. गाडी तासाला किती माणसें नेते, हें त्यासाठीं विचारावें लागतें.

या गाडीचा इतिहास पाहिला तर हाच प्रश्न तिच्या मुळाशीं दिसतो. रशियांत हिवाळ्यांत लांकडी चढावर बर्फ गोठवून लोक त्यावरून घसरत. 1817 सालीं पॅरिसमध्यें त्या खेळाला चाकें आणि वाट मिळाली. अमेरिकेंत पेनसिल्व्हानिया प्रांतीं 1827 सालीं डोंगरावरील कोळसा उतारानेंच खालीं आणणारा लोहमार्ग बांधला गेला, आणि पुढें कोळशाच्या जागीं हौशी माणसें बसूं लागलीं. वर्ध्याहून वरोऱ्याच्या कोळसाखाणींकडे गेलेल्या जुन्या लोहमार्गाच्या प्रदेशांत राहणाऱ्यांस कोळशाचें आणि रुळांचें हें नातें नवें वाटणार नाहीं.

1884 सालीं लामार्कस थॉम्प्सन यानें न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड येथें आपली प्रसिद्ध गाडी उभारली. वाट सुमारें 600 फूट, वेग तासाला अवघा 6 मैल, भाडें 5 सेंट. लोकांची झुंबड उडाली. पण तिच्यांत एक खोट होती. उतारूंनीं जिना चढून वर जावयाचें, घसरत पलीकडच्या टोंकास जावयाचें, तेथें उतरावयाचें; नोकरांनीं गाडी दुसऱ्या रुळावर चढवावयाची, आणि मग उलट प्रवास. सारा वेळ चढउतारांतच जाई. लवकरच चार्ल्स अल्कोक यानें वाट वळवून आरंभस्थानींच परत आणली. 1885 सालीं फिलिप हिंकल यानें गाडी सांखळीनें वर ओढली, आणि उतारूंचा जिना चुकला. या दोन्ही सुधारणांनीं गाडीची फेरी सुटसुटीत झाली.

1893 सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस यानें 264 फूट उंचीचें चक्र उभारलें. त्यास 36 डबे होते आणि प्रत्येकांत 60 माणसांची सोय. म्हणजे एका वेळीं 2160 माणसें. एकेक डबा थांबवून भरला असता तर पहिल्या डब्यांतील माणूस वर लटकूनच कंटाळला असता. म्हणून एकदम सहा डबे भरतां येतील अशी धक्क्यांची रचना केली होती. सहा थांबे घेतले कीं चक्र भरे, आणि मग तें अखंड फिरे. चक्राइतकीच बुद्धि त्या धक्क्यांतही खर्ची पडली होती.

या हिशेबाला पाटी-पेन्सिल पुरेशी आहे. समजा, गाडींत 24 माणसें बसतात आणि दर दोन मिनिटांनीं गाडी सुटते; तर तासाला 30 फेऱ्या, म्हणजे 720 माणसें. बसणाऱ्यांच्या पिशव्या ठेवण्यांत आणि पट्टे तपासण्यांत अर्धें मिनिट अधिक गेलें तर फेऱ्या 24 होतात, आणि माणसें 576. अर्ध्या मिनिटापायीं तासाला 144 माणसांची पाळी हुकली. दहा तासांत 1440 जणांची!

मग एकाच वाटेवर अधिक गाड्या सोडल्या तर? सोडतात, पण त्यासाठीं आगगाडीचाच नियम पाळावा लागतो. वर्धा-सेवाग्रामपाशीं मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे लोहमार्ग एकत्र येतात. तेथें गाडी सिग्नलाशीं कां खोळंबते हें जिल्ह्यांतील शाळकरी मुलासही ठाऊक असतें. पुढचा टप्पा मोकळा झाल्यावांचून मागची गाडी त्यांत शिरतां कामा नये. घसरगाडीची वाटही अशाच टप्प्यांत विभागलेली असते, आणि पुढें गाडी असेल तर यंत्र मागचीला अडवितें.

हा नियम मोडल्याचें फळ 2 जून 2015 रोजीं इंग्लंडांतील आल्टन टॉवर्स येथें दिसलें. ‘स्मायलर’ या वाटेवर चार गाड्या चालू असतां पांचवी वाढविण्यांत आली होती. एक रिकामी गाडी वाटेंत अडकली. यंत्रानें मागची गाडी थांबविली. दुरुस्ती करणाऱ्यांना पांचव्या गाडीची वार्ता नव्हती. चूक यंत्राचीच, असें समजून त्यांनीं अडवणूक दूर केली, आणि 16 माणसांनीं भरलेली गाडी रिकाम्या गाडीवर आदळली. पांच जणांस गंभीर इजा झाली. त्यांपैकीं दोन तरुणींना एकेक पाय गमवावा लागला. दोष कोणा एका कामगाराच्या माथीं न मारतां व्यवस्थेचा ठरला, आणि 2016 सालीं चालक कंपनीस 50 लक्ष पौंड दंड झाला.

रांग लांबली कीं सर्वांचीच घाई होते. बाप घड्याळ पाहतो, मूल हात ओढतें, चालकाला गर्दी दिसते. अशा वेळीं पट्टा दुसऱ्यांदा तपासणारा नोकर सर्वांना नकोसा वाटतो. परंतु रांग कमी करण्याची जागा गाडी बांधण्यापूर्वींच्या कागदावर असते: किती आसनें, किती धक्के, किती सावली, किती पाणी. एकदां गाडी बांधून झाली कीं तिला झेपतील तितकींच माणसें घ्यावीं, आणि उरलेल्यांस दारापाशींच स्पष्ट सांगावें. यात्रेंतील जाणता पाळणेवाला हेंच करतो. चार पाळणे भरले कीं पांचव्या मुलाला तो हातानें मागें सारतो. मूल रडतें; पण पुढच्या फेरीला तें तेथेंच, धडधाकट उभें असतें.